पहिल्या मोसमात फक्त ४१ झेल: तरुण वाइड रिसीव्हर पुढे मोठा होईल का, हे कसे ओळखावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या आपल्या आवडत्या संघाने ड्राफ्टच्या, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंच्या क्रमवार निवडीच्या, पहिल्या फेरीत निवडलेल्या २२ वर्षांच्या वाइड रिसीव्हरने (पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणाऱ्या खेळाडूने) पहिल्या मोसमात ४१ झेल, ४८६ यार्ड आणि ३ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या क्षेत्रात नेणे) एवढीच कामगिरी केली, ७ सोपे झेल त्याच्या हातून सुटले, आणि आता चाहत्यांत दोन तट पडले आहेत. एक तट म्हणतो की निवड फसली, दुसरा म्हणतो की जरा धीर धरा. यांपैकी कोणाचे खरे मानावे, आणि पुण्यात बसून केवळ सामने पाहून हे ओळखण्याची काही रीत आहे का, असे आपण विचारले आहे. खेळाडूचे नाव आपण दिलेले नाही, ते एका अर्थी बरेच झाले. नाव कळले की मत आधी तयार होते आणि पाहणे नंतर सुरू होते.

गेली १९ वर्षे मी अमेरिकेत रिसीव्हरांच्या खेळाचे चित्रण पाहून त्यांचे मूल्यमापन लिहिण्याचे काम करतो. त्याआधी ५ वर्षे एका लहान महाविद्यालयाच्या संघात रिसीव्हरांचा सहायक प्रशिक्षक होतो. त्या अनुभवावरून आपला प्रश्न मी थोडा वेगळा मांडतो. त्या ४१ झेलांमध्ये जे उणे दिसते आहे, त्यातले त्याचे स्वतःचे किती आणि परिस्थितीचे किती? आणि जे त्याचे स्वतःचे आहे, त्यातले शिकून भरून निघण्याजोगे किती? एवढे वेगळे काढता आले की पुढचे बरेचसे आपोआप स्पष्ट होते. ते वेगळे काढण्यासाठी माझ्यापाशी एकच भरवशाचा मार्ग आहे: चेंडू त्याच्याकडे न आलेल्या खेळी पाहणे.

याचे कारण साधे आहे. एका सामन्यात रिसीव्हर साधारण ३० ते ३५ वेळा आपला रूट धावतो, म्हणजे ठरवून दिलेल्या वाटेने जाऊन ठरलेल्या जागी वळतो, आणि त्यांतल्या ५ ते ७ वेळाच चेंडू त्याच्या दिशेने येतो. तो यायलाही आधी पुढच्या फळीने धक्के थोपवावे लागतात, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची नजर त्याच्या बाजूला वळावी लागते आणि फेक अचूक व्हावी लागते. दुसऱ्यांच्या हातात इतके काही असणारी जागा मैदानावर क्वचितच दुसरी असेल. झेल आणि यार्ड मोजणारा माणूस म्हणूनच रिसीव्हरच्या कामाचा जेमतेम पाचवा हिस्सा मोजत असतो, आणि त्या पाचव्या हिश्श्यातही इतरांची बरीच भेसळ असते.

आकडे मी टाकून देत नाही, पण त्यांना भागाकार करायला लावतो. आपल्या खेळाडूचे ४८६ यार्ड जर ३०० रूट धावून आले असतील, तर प्रत्येक रूटमागे १.६२ यार्ड पडतात, आणि नवख्यासाठी ती कामगिरी चांगली आहे. त्याला संधीच कमी मिळाली असे म्हणता येते. तेच यार्ड ४८० रूट धावून आले असतील, तर रूटमागे जेमतेम १ यार्ड पडतो, आणि मग काळजी करायला जागा आहे. माझ्या अनुभवात ज्याचा हा आकडा सातत्याने २ च्या वर राहतो तो अव्वल दर्जाचा रिसीव्हर असतो. ४१ झेलांची ही दोन चित्रे एकमेकांपासून इतकी दूर आहेत, आणि चाहत्यांचे दोन तट बहुधा हा भागाकार न करताच भांडत आहेत.

आता परिस्थितीविषयी. निको कॉलिन्सला ह्यूस्टन टेक्सन्सने २०२१ साली तिसऱ्या फेरीत घेतले. पहिल्या मोसमात त्याचे ३३ झेल आणि ४४६ यार्ड झाले, दुसऱ्यात ३७ झेल आणि ४८१ यार्ड. दोन वर्षांनंतर एखाद्याने त्याच्यावर फुली मारली असती तर त्याला फारसा दोष देता आला नसता. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउड हा क्वार्टरबॅक आला, आक्रमणाची आखणी बदलली आणि त्याच कॉलिन्सने ८० झेलांत १,२९७ यार्ड काढले. जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बाचे उदाहरण पाहा. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला रिसीव्हर होता, पण सिअॅटलमध्ये डी. के. मेटकाफ आणि टायलर लॉकेट हे दोघे मुरलेले रिसीव्हर त्याच्या पुढे होते, आणि मोसम सुरू होण्याआधीच त्याचे मनगट मोडले होते. पहिल्या वर्षी ६२८ यार्ड झाले. दुसऱ्या वर्षी १०० झेल आणि १,१३० यार्ड. एमन-रा सेंट ब्राउन हा तर चौथ्या फेरीतला. २०२१ मध्ये त्याच्या पहिल्या ११ सामन्यांत मिळून ३९ झेल झाले, आणि नंतरच्या ६ सामन्यांत, डेट्रॉइटचे इतर प्रमुख खेळाडू जायबंदी होऊन चेंडू त्याच्याकडे वळल्यावर, ५१ झेल झाले. त्या ६ पैकी प्रत्येक सामन्यात किमान ८.

परंतु परिस्थितीचे नाव घेऊन कोणालाही माफ करता येते, आणि तो धोका मोठा आहे. परिस्थितीने अडवलेल्या प्रत्येक खेळाडूमागे परिस्थितीच्या आड लपलेले अनेक असतात. म्हणून मी उलट बाजूनेही तपासतो: अनुकूलता काढून घेतल्यावर खेळ टिकतो का? पूका नाकुआला लॉस एंजेलिस रॅम्सने २०२३ मध्ये पाचव्या फेरीत, १७७ व्या क्रमांकावर घेतले. संघाचा प्रमुख रिसीव्हर कूपर कप जायबंदी असल्यामुळे त्याला पहिल्याच सामन्यापासून भरपूर चेंडू मिळाले. पहिल्या सामन्यात १० झेल, दुसऱ्यात १५. तेव्हा आमच्यापैकी अनेकांनी, मीही त्यात आलो, असे मनात धरले की कप परतला की हे ओसरेल. कप पाचव्या सामन्यात परतला आणि नाकुआचा खेळ तसाच चालू राहिला. मोसमाअखेर १०५ झेल आणि १,४८६ यार्ड, नवख्या खेळाडूसाठी तेव्हा दोन्ही विक्रम. संधी परिस्थितीने दिली होती, पण मोकळे होण्याची कला त्याची स्वतःची होती.

मोकळे होणे, म्हणजे बचावपटूपासून सुटून क्वार्टरबॅकला फेकावेसे वाटेल अशा जागी वेळेवर पोहोचणे, हेच रिसीव्हरचे मूळ काम आहे आणि ते चेंडू न येताही दिसते. त्यासाठी दूरचित्रवाणीवरचे नेहमीचे प्रक्षेपण उपयोगाचे नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो आणि रिसीव्हर पहिल्या दोन सेकंदांतच चौकटीबाहेर जातो. उंचावरून सर्व २२ खेळाडू दिसतील असे वेगळे चित्रण असते, प्रशिक्षक तेच पाहतात, आणि पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांनाही ते मिळू शकते. ते मिळवा. आपल्या वेळेनुसार सामने रात्री साडेदहा-साडेअकराला सुरू होतात. तेव्हा जागरण करून जे कळेल, त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी हे चित्रण शांतपणे पाहून अधिक कळेल.

एक खेळी जवळून पाहू. तिसरा डाउन आहे, म्हणजे १० यार्ड काढण्यासाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा, आणि ७ यार्ड हवे आहेत. आपला रिसीव्हर डाव्या टोकाला उभा आहे आणि कॉर्नरबॅक, म्हणजे त्याच्यावर पहारा ठेवणारा बचावपटू, त्याच्या अगदी नाकासमोर हातभर अंतरावर आहे. याला ‘प्रेस’ म्हणतात, आणि सुरुवातीच्या ५ यार्डांत बचावपटूला हातांनी अडवण्याची मुभा असते. स्नॅप होतो, म्हणजे चेंडू मागे क्वार्टरबॅककडे देऊन खेळी सुरू होते. माझी नजर सर्वप्रथम रिसीव्हरच्या पुढच्या पायावर जाते. तो पाय पुढे सुटण्याआधी इंच-दोन इंच मागे सरकला, तर तेवढ्यातच कॉर्नरबॅकला हात मारायला वेळ मिळतो. आम्ही त्याला खोटे पाऊल म्हणतो, आणि महाविद्यालयातून आलेल्या कित्येक मुलांना ही सवय असते. दुसरी नजर कॉर्नरबॅकच्या कंबरेवर. कबड्डीत चढाई करणारा जशी हूल देतो तशीच इथे द्यायची असते, आणि हूल लागली की नाही ते देणाऱ्याच्या पायांवरून कळत नाही, घेणाऱ्याच्या कंबरेवरून कळते. रिसीव्हरने कितीही पाय नाचवले तरी कॉर्नरबॅकची कंबर सरळ राहिली, तर ती सगळी मेहनत वाया गेली. शिवाय क्वार्टरबॅक साधारण अडीच ते पावणेतीन सेकंदांत चेंडू सोडतो. रिसीव्हरने त्यांतला सव्वा सेकंद रेषेवरच नाचण्यात घालवला तर तो नंतर मोकळा झाला काय आणि न झाला काय, चेंडू तोवर दुसरीकडे गेलेला असतो. तिसरी नजर हातांवर. कॉर्नरबॅकचा पंजा छातीकडे येताना त्याचे मनगट किंवा कोपर खाली झटकून पुढे जाता येते का, की मुलगा तो धक्का छातीवर घेऊन थबकतो?

तिथून सुटल्यावर पुढचा भाग येतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका असतो: वळण्याआधी थांबणे. समजा १५ यार्ड सरळ धावून कडेच्या रेषेकडे परत यायचे आहे. पूर्ण वेगातून थांबायला त्याला किती पावले लागतात ते मोजा. उत्तम रिसीव्हर तीन पावलांत वेग मारतो, आणि पाच किंवा सहा पावले घेणाऱ्यावर कॉर्नरबॅक तोवर येऊन बसलेला असतो. छातीकडेही पाहा. वळायच्या दोन-तीन पावले आधी छाती वर उचलली गेली, तर आता हा थांबणार हे कॉर्नरबॅकला कळते. छाती गुडघ्यांवर झुकलेली ठेवून, अजून पुढेच धावत असल्यासारखा जो शेवटच्या क्षणी थांबतो, त्याच्यापुढे चांगले चांगले बचावपटू फसतात. दवान्ते ॲडम्स आणि कूपर कप यांचे चित्रण मी नवशिक्यांना दाखवतो ते मुख्यतः याचसाठी.

माझ्या वहीत प्रत्येक खेळीसमोर एक खूण असते: मोकळा, अर्धा मोकळा, झाकलेला. चेंडू कुठे गेला याची नोंद मी मुद्दाम वेगळ्या पानावर ठेवतो. बचाव माणसागणिक पहारा ठेवत असेल त्या खेळी आणि जागेवर पहारा ठेवत असेल त्या खेळी यांचीही पाने वेगळी, कारण पहिल्या प्रकारात पाय आणि कंबर पारखली जाते, तर दुसऱ्यात डोळे आणि समज: दोन बचावपटूंमधली फट त्याला सापडते का, सापडल्यावर तो तिथे थबकतो का, की सवयीने पुढच्या पहाऱ्यात धावत जातो. शंभरेक खेळींच्या अशा खुणा जमल्या की माणूस दिसायला लागतो.

पाहताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. महाविद्यालयीन खेळ आणि व्यावसायिक खेळ यांत जी दरी आहे, ती बरीचशी नेमकी याच ठिकाणी आहे. महाविद्यालयात मैदानावरच्या आतल्या खुणांमधले अंतर ४० फूट असते, एनएफएलमध्ये ते साडेअठरा फूट. त्यामुळे तिकडे एका बाजूला मोठे मोकळे मैदान मिळते, जे इकडे मिळत नाही. तिकडे झेल वैध ठरायला एक पाय रेषेच्या आत लागतो, इकडे दोन्ही. नाकासमोर उभा राहणारा तगडा कॉर्नरबॅक तिकडे मोसमात मोजक्या वेळा भेटतो, इकडे दर आठवड्याला. प्रेसविरुद्ध अडखळणारा नवखा म्हणजे बऱ्याचदा कमी दर्जाचा खेळाडू नसतो. ती परीक्षा त्याने आधी दिलेलीच नसते. जस्टिन जेफरसनबद्दल २०२० मध्ये हीच शंका होती. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघातल्या शेवटच्या मोसमात त्याने १११ झेल घेतले होते, पण बहुतेक वेळा तो आतल्या बाजूच्या स्लॉटच्या जागेवरून खेळला, जिथे प्रेस क्वचित भेटतो. त्याच्या आधी चार रिसीव्हर निवडले गेले आणि तो २२ व्या क्रमांकावर मिनेसोटाला मिळाला. पहिल्या दोन सामन्यांत त्याचे मिळून ५ झेल झाले, तिसऱ्यात १७५ यार्ड, आणि मोसमाअखेर १,४०० यार्ड. शंका घेणाऱ्यांनी पाहिले होते ते खोटे नव्हते. त्यांना जे दिसले नव्हते, ते त्यांनी ‘नाही’ असे धरले, चूक ती होती.

वेगाबद्दल मी आटोपशीर लिहितो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त लिहिले जाते. ड्राफ्टपूर्वी घेतली जाणारी ४० यार्डांची शर्यत ही चाळणी आहे, कसोटी नाही. जॉन रॉस २०१७ मध्ये ती ४.२२ सेकंदांत धावला आणि नवव्या क्रमांकावर निवडला गेला. दुखापतींनी ग्रासलेल्या पहिल्या मोसमात त्याचा एकही झेल झाला नाही. त्याच वर्षी कूपर कप ४.६२ सेकंदांत धावला, तिसऱ्या फेरीपर्यंत थांबला, आणि २०२१ मध्ये १४५ झेल, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाउन करून तिन्ही याद्यांत अव्वल ठरला. वेग असणे चांगलेच, पण बचावपटू त्या वेगाला घाबरून मागे सरकतो आहे का, आणि त्या मागे सरकण्याचा फायदा घेऊन रिसीव्हर त्याच्यासमोर थांबू शकतो आहे का, एवढेच मी पाहतो.

उलट एका गोष्टीला चाहते फार भुलतात, तिथे मी हात आखडता घेतो. अंगावर बचावपटू असताना उंच उडी मारून घेतलेले झेल डोळ्यांना सुखावतात, आणि त्यांच्या चित्रफिती सर्वत्र फिरतात. पण जो तरुण रिसीव्हर असेच झेल वारंवार घेतो, त्याच्याबद्दल मी पहिला प्रश्न विचारतो: याच्या अंगावर दर वेळी कोणीतरी का असते? २०१९ मध्ये न्यू इंग्लंडने पहिल्या फेरीच्या शेवटी एन’कील हॅरीला घेतले. महाविद्यालयात तो अशा झेलांसाठी नावाजलेला होता. पहिल्याच मोसमात घोट्याच्या दुखापतीने त्याचा निम्मा काळ गेला हे खरे, पण तीन मोसमांत मिळून त्याचे ५७ झेल आणि ५९८ यार्ड झाले, कारण व्यावसायिक कॉर्नरबॅकपासून सुटणे त्याला जड गेले. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीच्या अगदी शेवटी, ६४ व्या क्रमांकावर, डी. के. मेटकाफ गेला. वळण्याच्या चाचणीत त्याची वेळ इतकी खराब होती की अनेकांनी त्याला यादीत खाली ढकलले. सिअॅटलने त्याला मोजकेच रूट दिले, सरळ खोल धावणे, तिरके आत कापणे, थबकून मागे वळणे, आणि दुसऱ्या मोसमात त्याने १,३०३ यार्ड काढले. दहा रूट बेतास बात येण्यापेक्षा तीन रूट असे यावेत की ते माहीत असूनही अडवता येऊ नयेत. आपल्या खेळाडूपाशी असा एक तरी रूट आहे का, हे जरूर पाहा. माझ्या दृष्टीने पहिल्या वर्षी तो एक रूट सापडणे ही फार मोठी गोष्ट आहे.

सुटलेल्या ७ झेलांबद्दल आपण विशेष चिंता व्यक्त केली आहे. ते झेल कसे सुटले ते पुन्हा पाहा. चेंडू हातात स्थिरावण्याआधीच डोळे पुढे धावायला वळले म्हणून सुटला असेल, तर ती घाई आहे आणि सरावाने जाते. छातीच्या वर आलेल्या चेंडूला अंगठे जुळवून आणि खाली आलेल्याला करंगळ्या जुळवून हात लावायचा असतो. तो चुकत असेल तर तेही शिकवता येते. पण गर्दीत, धक्का बसणार हे दिसत असताना, हात पुढे न नेता चेंडू अंगावर घेण्याची सवय असेल, तर ती जायला वेळ लागतो आणि काही जणांची ती जातच नाही. जमार चेसने २०२१ मध्ये मोसमापूर्वीच्या सरावसामन्यांत एकामागून एक झेल सोडले तेव्हा मोठा गहजब झाला होता. आधीचे पूर्ण वर्ष तो खेळलेला नव्हता, आणि महाविद्यालयीन चेंडूवर असणारे पांढरे पट्टे एनएफएलच्या चेंडूवर नसतात, त्यामुळे तो दिसायला वेळ लागतो असे त्याने सांगितले, त्यावर लोक हसले. त्या मोसमात त्याने १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले. दवान्ते ॲडम्सचा दुसरा मोसम, २०१५ चा, तर याहून वाईट होता: दुखावलेला घोटा, सुटलेले झेल, संघाचा प्रमुख रिसीव्हर जॉर्डी नेल्सन जायबंदी असल्यामुळे समोर प्रतिस्पर्ध्यांचा सर्वोत्तम कॉर्नरबॅक, आणि वर्षाअखेर ४८३ यार्ड व एकच टचडाउन. पुढच्या वर्षी ९९७ यार्ड आणि १२ टचडाउन. झेल सुटण्याचा आकडा एका वर्षावरून दुसऱ्या वर्षी इतका हेलकावे खातो की एका मोसमाच्या ७ झेलांवर मी कोणाचेही भवितव्य टांगणार नाही.

डोक्याचे काम बाहेरून कसे ओळखावे, हा अवघड भाग आहे. अनेक रूट असे असतात की समोरचा बचाव पाहून रिसीव्हरने धावता धावता वाट निवडायची असते, आणि क्वार्टरबॅकनेही त्याच क्षणी तीच वाट निवडलेली असावी लागते. रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला दिसला, तर समजावे की क्वार्टरबॅकचा त्याच्यावर विश्वास आहे. क्वार्टरबॅक त्याच्याकडे पाहून क्षणभर थांबतो, तो खरोखर वळला याची खात्री करतो आणि मगच फेकतो, असे वारंवार घडत असेल, तर तो विश्वास अजून बसलेला नाही. तिसऱ्या डाउनला, सामना अटीतटीचा असताना, तो मैदानावर असतो की बाकावर, हेही नोंदवा. रोज सरावात त्याला पाहणाऱ्या प्रशिक्षकांचे मत त्यातून दिसते. धावत्या खेळीत, म्हणजे चेंडू न फेकता हातात घेऊन पळायचे असते तेव्हा, तो बचावपटूला अडवायला मनापासून जातो का, तेही पाहा, कारण जो तिथे अंग राखतो त्याला मैदानावर ठेवणे प्रशिक्षकाला परवडत नाही.

या सगळ्याला एक मर्यादा आहे आणि ती मी चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी एका तरुण रिसीव्हरबद्दल मी अहवालात लिहिले की हा १२ यार्डांनंतर रूट सोडून देतो, वेग कमी करतो, याच्यात जिद्द नाही. चेंडू न आलेल्या ४० खेळी मोजून मी ते लिहिले होते, त्यामुळे मला त्याची खात्रीही होती. पुढच्या वर्षी त्या संघातल्या एका सहायक प्रशिक्षकाशी बोलताना कळले की त्या खेळींत त्याला तसेच सांगितलेले होते: खोल उभ्या असलेल्या सेफ्टीला, म्हणजे सर्वांत मागच्या बचावपटूला, १२ यार्डांपर्यंत ओढून तिथेच गुंतवून ठेवायचे, म्हणजे त्याच्या मागून दुसरा मोकळा होईल. मुलगा सांगितलेले काम चोख करत होता आणि मी त्याच्या नावावर आळस लिहिला होता. त्या अहवालाने त्याचे किती नुकसान झाले मला माहीत नाही; त्याची बोच मात्र आजही आहे. तेव्हापासून कोणाच्या मनाबद्दल मी अहवालात एकही शब्द लिहीत नाही. पाय, कंबर, हात आणि डोळे यांबद्दल लिहितो, आणि एखादा दोष तीन वेगवेगळ्या प्रकारच्या खेळींत दिसल्याशिवाय त्याला दोष म्हणत नाही.

वयाबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. २१ किंवा २२ व्या वर्षी जे उणे क्षम्य असते ते २४ व्या वर्षी तेवढे क्षम्य नसते, कारण शरीराची ताकद आणि प्रेसविरुद्धची तयारी या दोन गोष्टी या वयात झपाट्याने वाढतात. महाविद्यालयातले त्याचे आकडे पाहतानाही हे धरावे: १९ व्या वर्षी संघाचा प्रमुख रिसीव्हर झालेला मुलगा आणि २३ व्या वर्षी आपल्याहून लहान मुलांवर वर्चस्व गाजवलेला मुलगा यांचे आकडे सारखे असले, तरी मी पहिल्याला वर ठेवतो. आपला खेळाडू २२ वर्षांचा आहे, ही त्याच्या बाजूची गोष्ट आहे.

संघापाशीही वेळ मोजकाच असतो. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचवे वर्ष घ्यायचे की नाही हे संघाला तिसरा मोसम संपल्यानंतरच्या मे महिन्याच्या सुरुवातीलाच ठरवावे लागते. म्हणजे संघाला खरा पुरावा मिळतो तो फक्त तीन मोसमांचा, आणि त्यांतला पहिला आपल्या खेळाडूने वापरून टाकला आहे. तिसऱ्या वर्षी रिसीव्हर फुलतो असे पूर्वी म्हणत. आता महाविद्यालयांतच फेकीवर भर असल्यामुळे मुले अधिक तयार होऊन येतात आणि निदान माझे मत तरी दुसऱ्या मोसमाच्या मध्यावर बऱ्यापैकी पक्के झालेले असते.

आपण विचारलेच आहे म्हणून सांगतो: दिलेल्या माहितीवरून ‘निवड फसली’ असे मी लिहिणार नाही, आणि ‘धीर धरा’ एवढेच म्हणूनही थांबणार नाही. आधी त्याने किती रूट धावले तो आकडा शोधून भागाकार करा. मग मागच्या मोसमाच्या पहिल्या चार आणि शेवटच्या चार सामन्यांचे उंचावरचे चित्रण घ्या, आणि ज्या खेळींत त्याच्यासमोर प्रेस होता व चेंडू दुसरीकडे गेला, तेवढ्याच वेगळ्या काढा. खोटे पाऊल आणि थांबण्याची पावले, या दोनच गोष्टी मोजा. सप्टेंबरमध्ये सहा पावलांत थांबणारा मुलगा डिसेंबरमध्ये चार पावलांत थांबत असेल, तर ४१ झेल विसरा. तो शिकतो आहे आणि शिकणाऱ्या २२ वर्षांच्या मुलावर मी निःशंकपणे पैज लावीन. दोन्ही ठिकाणी आकडा तोच निघाला, तर मात्र त्याच्या रिसीव्हर प्रशिक्षकाकडे आधीच्या वर्षांत आलेली मुले पहिल्या मोसमापासून दुसऱ्यापर्यंत किती सुधारली ते पाहा. तीही जागच्या जागी राहिलेली असतील, तर आपल्या खेळाडूबद्दलचा निर्णय मी आणखी अर्धा मोसम पुढे ढकलीन. ती सुधारलेली असतील आणि हा एकटाच थांबला असेल, तर मला काळजी वाटेल.